पहिली दाढी तुमची

तीर्थरूप बाबा,

नमस्कार एकाच हाताने करतो, कारण उजव्याला पट्टा आहे. दुसऱ्या हाताचा नमस्कार तुम्ही चूक कबूल केलीत की मिळेल.

धाकट्याचं पत्र आलं. "थोरल्याचा हात गेला," असं तुम्ही गिऱ्हाइकांना सांगत सुटलात आणि दुकानातली माझी खुर्ची त्याला देऊन टाकलीत म्हणे! आरसा फुटून मनगट कापलं, ऑपरेशन झालं, टाकेही निघाले. हात जागेवर आहे, बाबा.

इथे इस्पितळात रोज पट्टा काढून व्यायाम करतो. कोमट पाण्यात स्पंज पिळायचा, अंगठा एकेका बोटाला टेकवायचा, मग नुसतीच कात्री हवेत चालवायची. खोलीतला सोबती हसतो. हसेना का! व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणतात, घाई करू नका. त्यांना काय जातंय सांगायला? त्यांची खुर्ची कुणी पळवली नाही.

आईला सांगा, उजव्या हाताने जेवतो. करंगळी अजून बधिर आहे, ते मात्र सांगू नका. तिचा गुडघा कसा आहे?

"थरथरत्या हातापुढे मान कोण देईल?" असंही तुम्ही म्हणालात. काल मी वस्तऱ्याने स्वतःची दाढी केली. हनुवटीखाली एकदाच कापलं.

घरी आलो की पहिली दाढी तुमची. माझ्याच खुर्चीत बसा, मान मागे टाका आणि वस्तरा गळ्याशी आला की मग सांगा सगळ्या गिऱ्हाइकांना, माझा हात गेला म्हणून.

तुमचा थोरला,
अजूनही न्हावीच