बावीसचा पाना

१२ जून, गुरुवार
परत गळायला लागला. मेला ट्रॅक्टर! चालू केला की डिझेल पंपाच्या दुसऱ्या नळीचा नट आधी पाझरतो, मग थेंब, मग धार. गेल्याच रविवारी नवा वायसर टाकला होता. आबा ओट्यावरून बघत होते. "गळतंय म्हंजे ढिलं हाय. आण पाना." सतराचा पाना दिला. काठी टेकत स्वतः उतरले, नट कसला. धार थांबली.
जेवताना दोन भाकऱ्या खाल्ल्या. हिवाळ्यात अंगावरून वारं गेलं तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडलेला माझा बाप. ह्या गळतीनेच त्यांना बाहेर काढलंय. रोज गळू दे म्हटलं मनात. वेडी.

१५ जून, रविवार
आज दुसरी आणि तिसरी, दोन्ही नळ्या. चुलतभाऊ बाळूदादा जाम वैतागला. ट्रॅ. आमचा, चालवायचा त्याने, आणि काम अडलं की आख्ख्या आळीच्या शिव्या पण त्यालाच. खाचरातल्या पाण्यावर डिझेलचा तवंग. "सुमे, भात खायाचा हाय का दिव्यात घालायचा?"
राबातलं भाताचं रोप वीतभर वर आलंय. ह्या आठवड्यात खाचरात चिखलणी नाही झाली तर रोपांची आवणी कशी करायची?
आबांनी पुन्हा कसलं. संध्याकाळी पुन्हा गळलं.

१७ जून, मंगळ.
पूर्ण्याच्या गोडाऊनला ड्युटीवर बाजूच्या टेबलवालीने नाक मुरडलं. "सुमन, पेट्रोल पंपावर पार्टटाइम करते काय गं?" हसले. दोनदा साबण लावून पण केसांचा वास जात नाही.

१९ जून, गुरु.
रजा टाकून भिवंडीहून रफीकभाईंना घेऊन आले. नाक्यावर डिझेल पंप दुरुस्तीचंच काम करतात. नळी सोडली, टोक मला दाखवलं. नळीचं तोंड चेपून पसरलेलं, नटाचे आटे गेलेले.
"ये किसने कसा है दीदी? हाथी ने?"
आबा समोरच. मी म्हणाले, ड्रायव्हरने. बाळूदादाने असं बघितलं माझ्याकडे! पण गप्प राहिला. देव त्याचं भलं करो.
नव्या नळ्या, नवे नट बसवून दिले. जाताना गाडीपाशी हळूच म्हणाले, "पहले हाथ से बिठाओ, फिर पाने से थोडासा. बस. जितना ज्यादा कसोगे, उतना गळेगा." आमच्यात राहून 'गळेगा' शिकलेत.

२० जून, शुक्र.
सकाळी डोळ्यांनी बघितलं. नव्या नटाला आबांनी पाना लावला, पान्याच्या दांडीत जुन्या बोअरिंगचं नळकांडं घातलं आणि त्यावर अंगाचा सगळा भार टाकला. हात हलतो, पण जोर किती लागला ते आता त्याला कळतच नाही. हेच आबा आधी दोन बोटांनी नट फिरवायचे आणि म्हणायचे, बसला. बसलेलाच असायचा.
म्हणाले, "आबा, मिस्त्री म्हणालाय जास्त कसायचं नाही."
"मिस्त्रीला काय कळतंय? ट्रॅक्टर कुनाचा हाय?"
ढिलं म्हणून गळत नाहीये, तुमच्यामुळे गळतंय, असं बापाच्या तोंडावर कसं सांगू?

२२ जून, रवि.
बाळूदादा बाजारातून आणखी एक नळी घेऊन आला, रफीकभाईंनी सांगितलं तशी बसवली. मी पाना तांदळाच्या पिंपात घातला. आबांनी दिवसभर शोधला. माळ्यावर, चुलीमागे, कोंबड्यांच्या खुराड्यात पण. "सुमन, माझा पाना?" "बघते आबा." बघते म्हणे! चोर ती चोर.
संध्याकाळी भिंतीकडे तोंड. भाकरी नको.

२४ जून, मंगळ.
ट्रॅ. खडखडीत कोरडा. दिवसभर चिखलणी, एक थेंब नाही. बाळूदादा मुद्दाम ओट्याखाली आणून इंजिन चालू ठेवून उभा राहिला. "काका, बगा तरी!" आबांनी मान वळवली नाही.
ट्रॅ. बरा असला की बाप आजारी, बाप बरा असला की ट्रॅ. आजारी. मी काय करू? कुणाला विचारू? दवाखान्यातले डॉ. म्हणाले होते, मन रमवा. मन रमवायला पंप फोडू काय?

२६ जून, गुरु.
आज नुसता चहा. तो पण अर्धा.
ड्युटीवर डोक्यात एकच. नट सतराचा. मोठा पाना दिला तर? बावीसचा. नटावर नुसता फिरेल, धरणारच नाही. आबा हातात घेताच ओळखतील, पाना माझ्या अंगावर फेकतील. फेकू देत. शिव्या देतील तेवढं तरी बोलतील.

२७ जून, शुक्र.
दिला. "सापडला आबा." लगेच उठले. काठीपण विसरले.
नटाला लावला. शेजारीच उभी होते, आता ओरडतील, मग ओरडतील. पाना नुसता गरगरतोय. अंधारात चाचपून पान्याचा आकडा सांगणारा हा माणूस. दोन-तीन वेढे घेतले, माझ्याकडे बघून हसले. "आता बसला बग."
मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

२९ जून, रवि.
सगळं छान चाललंय. गळती नाही. आमची आवणी निम्मी उरकली. आबा जेवतात, रोज सकाळी पाना मागतात, नट 'कसतात', बाळूदादाला दोन शब्द सुनावतात. बाळूदादा म्हणतो, "सुमे, डोकं हाय तुला." कसलं डोकं! बापाच्या हातात खुळखुळा दिलाय मी.
त्यांनी ओळखायला हवं होतं. एकदा तरी खेकसायला हवं होतं.

३ जुलै, गुरु.
सकाळी ड्युटीची घाई. आबा पंपापाशी, पाना नटावर फिरतोय. माझ्याकडे न बघताच म्हणाले,
"बावीसचा हाय ह्यो."
मी हातातला डबा ओट्यावर ठेवला.
त्यांनी अजून एक वेढा घेतला, सावकाश, नटाला धक्का न लावता.
"गळत न्हाय ना आता?"
"न्हाय आबा."
"मंग राहू दे."
पाना फडक्याने पुसून माझ्या हातात दिला. कधीपासून माहीत होतं? आजच कळलं, की पहिल्या दिवशी हसले तेव्हाच? रस्त्यावर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला, पळाले. ते ओट्यावर बसले की आत गेले तेही बघितलं नाही.
दिवसभर स्कॅनिंगमध्ये चुका. सुपरवायझर ओरडला, ऐकूच आलं नाही.
उद्या पाना मागतील ना?