सुई सहा हजारांच्या आत

७८६
रास अल खोर, दुबई
४ सप्टेंबर २०२५

ती. शहनाझ फुफीस,
यम्नाचा सलाम वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तू पाठवलेल्या पत्राच्या फोटोत डाव्या कोपऱ्यात तुझा अंगठा आल्यामुळे दोन ओळी वाचता आल्या नाहीत. त्यात रागावण्यासारखं काही असेल तर ते मला मिळालेलंच नाही असं समज. पिठाच्या गिरणीच्या आवाजाने तुला फोनवर नीट ऐकू येत नाही याचं वाईट वाटतं, पण त्यामुळे माझं लिहिणं टिकून आहे. अम्मी अजून सगळ्यांना सांगते की नवव्या वर्षी मला तुझ्याकडून शारजाला आणलं, तेव्हा मला मराठी पत्र लिहिता येत होतं आणि शाळेत इंग्रजीतून पाणी मागता येत नव्हतं.

आता कामाचं. कमरुद्दीन चाचांच्या गॅरेजात मला दोन महिने झाले. इथे साध्या दुरुस्त्या होत नाहीत. आहे ती गाडी आणखी जोरात पळावी असं ज्यांना वाटतं, ते येतात. मला ठेवायचं की नाही हे चाचा तिसऱ्या महिन्याच्या शेवटी ठरवणार. या आठवड्यात त्यांनी पहिल्यांदाच एक गाडी पूर्ण माझ्यावर सोपवली. छोटी, जुनी, दोनच माणसांची जपानी गाडी, पण तिचं इंजिन मिनिटाला नऊ हजार फेरे घेतं. तुझ्या गिरणीची मोटर चौदाशे चाळीस घेते, म्हणजे बघ.

गिऱ्हाइकाला तिला सुपरचार्जर बसवायचाय. इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा हा पंप इंजिनात जास्त हवा कोंबतो. प्रकार दोन. एकात दोन जाड स्क्रू एकमेकांत फिरतात. तो कमी फेऱ्यांपासूनच हवा भरतो, गाडी लगेच ओढ घेते. पण फेरे फार वाढले की हवा तापवतो. दुसऱ्यात गोल डब्यात एक पंखा असतो. तो खाली जवळजवळ काहीच करत नाही, सहा हजारांच्या वर मात्र जोर धरतो. खूप फेरे घेणाऱ्या इंजिनाला पंख्यावाला, असं जिथे वाचावं तिथे लिहिलंय. चाचा म्हणतात, स्क्रूवाला आपल्या फळीवर पडून आहे, तोच लाव, खलास.

इथली रीत अशी की ज्याने भाग निवडला त्याने कागदावर आपल्या नावाने सही करायची आणि गाडीच्या पहिल्या फेरीला शेजारच्या सीटवर बसायचं. त्यामुळे सह्या विचार करून होतात, असं चाचांचं म्हणणं. मी तीन दिवस विचार केला. शेचाळीस डिग्रीच्या उन्हात हवा प्रमाणाबाहेर तापली आणि त्या वेगात पिस्टन फुटलं तर चालवणाऱ्याचं काय होईल, हे डोक्यातून जात नाही. काल पंख्यावाल्याच्या बाजूने कागद लिहून सही केली. तेव्हापासून घास उतरत नाही.

तुला यातलं काय सुचतं ते कळव. माया आहेच, ती तशीच राहू दे.

तुझी,
यम्ना


दापोली
७ सप्टेंबर २०२५

चि. यम्नाला पोटभर दुआ.

अंगठ्याखालच्या ओळी पुन्हा लिहिते: जेवण टाळू नकोस. तेव्हा उगाच लिहिलं होतं, आता कारण मिळालं.

यंत्रातलं मला पट्टा आणि पुली एवढंच कळतं. तुझ्या फुफांनी एकदा मोटरला मोठी पुली लावली होती, दळण लवकर उरकेल म्हणून. उरकलं लवकर. पण पीठ हातात धरवेना इतकं गरम आणि भाकरी थापताना चिरायला लागली. नेहमी दळायला येणारे तुकारामभाऊ पिठाचा डबा कट्ट्यावर परत ठेवून निघून गेले. दुसऱ्या दिवशी जुनी पुली वर चढली.

पण मला खटकलं ते वेगळंच. तुझ्या पत्रात इंजिन आहे, पंखा आहे, ऊन आहे. ज्याला हे सगळं हवंय त्याच्याबद्दल एक ओळ नाही. माझ्याकडे तांदळाचा डबा आला की मी आधी विचारते, काय करायचंय? भाकरी, घावन की लाडू? ते कळल्याशिवाय मी दगड कसतच नाही. आणि विचारून भागत नाही हेही सांगते. लाडवाचं सांगून भाकऱ्या करणारी माणसं असतात. दोन-चार दळणं बघितली की घरात खरं काय शिजतं ते समजतं.

आता दुसरं. तुझ्या प्रत्येक पत्रात रेहानचा एक परिच्छेद असतो. शुक्रवारी जेवायला आला, बिर्याणीला नावं ठेवली, दोनदा वाढून घेतली. या वेळी एक अक्षर नाही. लहानपणी गूळ चोरलास की तू दिवसभर गुळाच्या डब्याकडे बघायची नाहीस. ते गिऱ्हाईक माझा मुलगा आहे का? त्याचे अब्बा घाटातल्या अपघातात गेले तेव्हा चूक समोरून जोरात येणाऱ्याची होती, हे तुला ठाऊक आहे. मी ओरडणार नाही. फक्त मला कळायला हवं.

जेव, आणि मग उत्तर लिही.

फुफी


अल रीम आयलंड, अबू धाबी
९ सप्टेंबर २०२५

यम्नाबी मॅडम यांना रेहानभाईचा सलाम.

तुझे अकरा प्रश्न मिळाले. व्हिसाचा फॉर्मसुद्धा यापेक्षा मायाळू असतो. कागदावरच उत्तर हवं म्हणालीस, म्हणून लंच टाइममध्ये बसून लिहितोय. बाकी टीमला वाटतंय मी राजीनामा लिहितोय.

धंदा: तुला माहीत आहे, या बेटावरच्या उंच बिल्डिंगांमधल्या लिफ्ट सांभाळतो. गाडी घेऊन: चार महिने. आधीच्या मालकाने बसवलेला कंप्युटर: आहे, तसाच. गाडी कशी चालवतोस: मर्दासारखी. जमेल त्या शुक्रवारी रेसचा ट्रॅक. आठ हजारांच्या खाली मी गिअर बदलतच नाही, माझा मित्र अफनान साक्षीला आहे. पंख्यावाला लाव, स्क्रूवाला म्हाताऱ्यांसाठी असतो.

अम्मीने ओळखलं, हे तू लिहिलंस ते तीनदा वाचलं. अब्बांनंतर ती मला एकदाच म्हणाली होती, जोरात चालवू नकोस. परत कधीच म्हणाली नाही. ते परत न म्हणणंच जड जातं गं. तुला खोटं बोलता येत नाही, म्हणून निदान चार दिवस आजारी पड. तोवर मी काहीतरी बघतो, इन्शाल्ला.

लाडक्या मामेबहिणीने दया ठेवावी.

रेहानभाई


रास अल खोर
११ सप्टेंबर २०२५

रेहानभाईस सलाम वि. वि.

मला आजारी पडायला जमलं नाही. त्याऐवजी तुझ्या गाडीच्या कंप्युटरची मेमरी उघडली. इंजिन कोणत्या फेऱ्यांवर किती मिनिटं चाललं, हे तो मांडून ठेवतो. हे कामाचाच भाग आहे, तरी उघडताना कुणाची डायरी वाचतेय असं वाटलं. म्हणून आधी तुलाच लिहिते, फुफीला अजून काही कळवलेलं नाही.

चार महिन्यांत गाडी ब्याण्णव तास चालली. त्यातली बहुतेक दोन ते साडेतीन हजारांच्या मध्ये. सहा हजारांच्या वर एकूण चार मिनिटं. मी चमकले, तारखा बघितल्या. त्यातली तीन मिनिटं वीस सेकंद २९ ऑगस्टची आहेत. त्या दिवशी गाडी आमच्याकडे होती आणि मेकॅनिकने जागेवरच चाकं फिरवणाऱ्या रोलरवर तपासली होती. उरले चाळीस सेकंद. ते तुझे. ट्रॅकवर तू गेला असशील तर पार्किंगमध्ये बसून आला असशील.

भाईजान, हसू नकोस आणि रागावू नकोस. मी मान खाली घालून इंजिन बघत बसले. तुझं उत्तर यायच्या आधीच सही करून मोकळी झाले होते, आणि उत्तर आलं तेही खरं मानून चालले. पंख्यावाला बसवला असता तर वर्षभरात त्याने तुझ्यासाठी दोन मिनिटं काम केलं असतं. बाकी वेळ तू नुसतं वजन वाहिलं असतंस.

सही केलेला कागद मी चाचांकडे परत मागितला. वाटलं, नोकरी गेली. चाचांनी चष्मा काढला आणि म्हणाले, कागद परत मागायला बरेच येतात, पण पंप बसवायच्या आधी आलेली तू पहिली. नवा कागद असा: स्क्रूवाला, पंपाच्याच बाजूला मोठी पुली, म्हणजे पंप सावकाश फिरेल आणि दाब कमी राहील, फेऱ्यांना सात हजारांवर कुलूप. खाली हेही लिहिलंय की काहीच बसवलं नाही तरी गाडी चांगली आहे. काय करायचं ते तू ठरव.

आणि फुफीला तू स्वतः लिही. रविवारपर्यंत थांबते, मग मला तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यावंच लागेल. तुझ्यावरची माझी माया या चाळीस सेकंदांनी कमी झालेली नाही, वाढलीच आहे.

यम्ना


अल रीम आयलंड
१३ सप्टेंबर २०२५

ती. अम्मीस,
रेहानचा सलाम.

हो, ते गिऱ्हाईक मीच. चार महिन्यांपूर्वी गाडी घेतली आणि तुला सांगितलं नाही. चूक झाली. प्रत्येक फोनला वाटायचं, आज सांगू, आणि तू विचारायचीस, जेवलास का, की मग विषय निघून जायचा.

अशी गाडी मला पंधराव्या वर्षापासून हवी होती. मिळाल्यावर कळलं की तिला हवं तसं मला चालवता येत नाही. सुई पाच हजारांकडे गेली की हात आपोआप गिअर बदलतो. मित्रांना मोठमोठ्या गोष्टी सांगायचो. वाटलं, ताकद वाढवली की भीती जाईल. यम्नाने मशीनमधून काढून दाखवलं की ब्याण्णव तासांत माझे जोराचे सेकंद फक्त चाळीस, बाकी वेळ मी सांभाळून चालणारा लिफ्टवाला तो लिफ्टवालाच. अगोदर लाज वाटली. मग बसून हसलो. चार महिने लाज वाटून जे लपवत होतो, तेच तुला सांगता येण्यासारखं निघालं.

तिने सुचवलेला कमी जोराचा पंप बसवणार आहे. रस्ता मोकळा असताना गाडी हलकी धावावी एवढीच हौस उरलीय. तू नको म्हणालीस तर तेही नको. दोन ओळी लिही, रागाच्या असल्या तरी चालतील.

तुझा,
रेहान


रास अल खोर
२५ सप्टेंबर २०२५

ती. शहनाझ फुफीस,
यम्नाचा सलाम वि. वि.

पहिलं म्हणजे मी जेवतेय. दोन्ही वेळा.

रेहानभाईच्या पत्राला तू एकाच ओळीत उत्तर दिलंस, बसव पण मला खोटं सांगू नकोस, आणि ती ओळ त्याने मला फोनवर चार वेळा वाचून दाखवली. तुझ्या पत्राला मी इतके दिवस उत्तर दिलं नाही, त्याबद्दल माफी. आधी त्याने सांगावं असं मला वाटत होतं.

आज पहिली फेरी झाली. मी शेजारी बसले. मांडीवर लॅपटॉप आणि एका हाताने सीटबेल्ट धरून ठेवलेला, त्यावरून त्याने मला भरपूर छळलं. म्हणाला, पंप इंजिनाला बसवलाय की तुझ्या छातीला, इतका धडधडतोय. मग यल्ला, चला, म्हणून निघाला. गोदामांमागच्या रस्त्याने मोठ्या रस्त्याला लागलो. अडीच हजारांवर त्याने पाय जरासा दाबला आणि गाडीने अशी अलगद ओढ घेतली की तो मोठ्याने हसला. इतकं मोकळं हसताना मी त्याला लहानपणानंतर बघितलं नव्हतं. आणि हसता हसता त्याने आरसा बघितला, इंडिकेटर दिला आणि मागून घाईत आलेल्या पिकअपला पुढे जाऊ दिलं. सगळ्या फेरीत सुई बेचाळीसशेच्या वर गेली नाही. पंपातून निघणारी हवा साठ डिग्रीवर थांबली. मी ऐंशीची भीती धरली होती.

परत आलो तेव्हा चाचांनी आकडे बघितले, स्वतः गाडी घेऊन एक चक्कर मारून आले आणि महिना संपायची वाट न बघता दुसऱ्या एका गाडीची किल्ली माझ्यासमोर ठेवली. मालकीणबाई इथल्या इंटरनॅशनल सिटी वस्तीतल्या आहेत, त्यांचं नाव एमान. मी किल्लीला हात लावायच्या आधी त्यांना फोन लावला आणि विचारलं, गाडी घेऊन तुम्ही रोज कुठे जाता. चाचा म्हणाले, ही पोरगी इंजिन सोडून माणसंच उघडते. मला वाटतं ते खूश होते.

इतके दिवस मनावर दगड होता, आज तो नाही, तर काय करावं ते सुचत नाहीये. तुझी दुआ अशीच पाठीशी राहो.

तुझी,
यम्ना


दापोली
२८ सप्टेंबर २०२५

चि. यम्नाला जन्मभराच्या दुआ.

पत्र पोचलं, गिरणी बंद करून निवांत वाचलं. तुला ठेवून घेतलं यात मला नवल वाटलं नाही. चाचांना उशीर का लागला, याचंच वाटलं.

मी ओरडणार नाही म्हणाले होते, पण चाळीस सेकंदांचा हिशेब मी रेहानकडे मागितला. म्हणतो, मोठ्या ट्रेलरच्या बाजूने पुढे निघत होतो. त्या चाळीस सेकंदांपुरती मी रागावले, तसं त्याला कळवलंय. बाकीचे ब्याण्णव तास मी रागावलेली नाही.

आता माझं एक काम कर. तो पोरगा परदेशात गेल्यापासून मी रोज संध्याकाळी फोन वाजायची वाट बघते, आणि वाजला की उचलायला भिते. तू मशीनमधून काढलास तो आकड्यांचा कागद मला पाठव. फोटो नको, छापून पाठव. पुढच्या महिन्यात आपल्या मोहल्ल्यातली साजिदाभाभी तिकडून गावी येतेय, तिच्याकडे दे. तारखा असू देत, मिनिटं असू देत. मला सगळं समजणार नाही, तरी चालेल. आपला मुलगा गाडी सांभाळून चालवतो, असं लेखी कुठल्या आईला मिळालंय?

फुफी