माशाच्या धडावरची माझी चामखीळ

तीर्थरूप ओनोरीनताईस,

धाकट्या आन्सेल्मचा नमस्कार. बोर्दोच्या दमट हवेत तुझे गुडघे काय म्हणतात ते कळव. माझं पोट ठीक आहे (म्हणजे दुखतं, पण नेहमीच्याच जागी).

मुद्दा असा की द्राक्षांच्या तोडणीआधी आमच्या गावात लांबेर नावाचा चित्रकार राहायला आला. तो दगडावर काळ्या खडूने चित्रं काढून ती कागदावर छापतो. स्वप्नात दिसतं तेच काढतो म्हणे (अशी स्वप्नं पडत असतील तर रात्री चीज कमी खा, असं मी त्याला सुचवलंही). त्याने मला दोन दुपारी खुर्चीत बसवलं. मी लग्नातला कोट घालून, मिशी पिळून बसलो. कारण तुला सांगायला हरकत नाही. पाववाल्याच्या विधवेला, उर्स्यूलबाईंना, ते चित्र भेट द्यायचं मनात होतं. चित्र छापून खानावळीच्या भिंतीवर लागलं तेव्हा पाहतो तर डोकं माझं, पण खाली मासा. माशाला कोंबडीचे पाय, आणि तो चिखलात उभा राहून चंद्राकडे बघतोय (कोटाचं एक बटणसुद्धा नाही). लोक पोट धरून हसत होते.

मी घाबरून तिथल्या तिथे सांगून टाकलं की हा मी नव्हे, माझी चामखीळ उजव्या गालावर, याची डाव्या. सगळ्यांनी माझा गाल तपासून ते मान्य केलं. मग डाव्या गालावर चामखीळ कोणाची याचा शोध सुरू झाला. ती निघाली पिंपं बनवणाऱ्या इलेरची. त्याने नाकारायला नको? तर म्हणाला, "असेन बुवा. सोमवारी सकाळी मी साधारण असाच दिसतो." तेव्हापासून त्याला खानावळीत वाईन फुकट. शहरातले लोक मुद्दाम त्याला बघायला येतात. उर्स्यूलबाई म्हणतात, "किती एकाकी डोळे आहेत हो," आणि त्याला सूप पाठवतात. डोळे माझे, ताई, आणि सूप त्याला.

मी लांबेरला गाठलं. तो म्हणाला, "काका, दगडावरचं चित्र कागदावर उलटं उमटतं. तुमचा उजवा गाल डावा झाला." मग तो दगडच गावाला दाखवा म्हटलं, तर दगड घासून त्यावर त्याने पंख फुटलेलं अंडं काढलंय. मी गावात हे समजावून सांगितलं, त्यावर खानावळवाला म्हणतो, "आन्सेल्मबाबा, इतकी वर्षं माणूस म्हणून काढलीत, आता मासा व्हायची हौस कुठून आली?"

भावजींना नमस्कार.

तुझा
आन्सेल्म

ता. क. तुझा तो मोठा आरसा गाडीत घालून लवकर ये. चित्र आरशासमोर धरलं की चामखीळ बरोबर जागेवर येते. माझ्या दाढीच्या आरशात नुसती शेपटीच मावते.

पुन्हा ता. क. आरसा राहू दे. आत्ताच उर्स्यूलबाई येऊन गेल्या. चित्रात मीच आहे हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. मग इलेरला सूप का, असं विचारलं. म्हणाल्या, "तुम्हाला त्या माशाची लाज वाटली, त्याला नाही वाटली." पुढच्या महिन्यात त्यांचं इलेरशी लग्न आहे आणि मी साक्षीदार म्हणून उभं राहावं अशी दोघांची इच्छा आहे. मी हो म्हणून बसलो. आरसा नको, पण तू ये. चर्चमध्ये शेजारी कोणीतरी आपलं माणूस असावं.