आंडोर आणि आंडेर

प्रिय नाना,

काल तुमची गंधमुक्ती झाली, सुतक फिटलं. मांडव सुटला, पाहुणे पांगले. लेक झोपलीय, आता जागी मी आणि समोर तुमचा चष्मा. तुम्ही होतात तेव्हा बोलू शकले नाही, म्हणून लिहितेय.

काल शिरपूरहून तुमचे जुने विद्यार्थी आले होते. एक जण उठून म्हणाला, अहिराणी शब्दांची गोडी सरांनीच लावली. बठ्ठा म्हणजे सगळे, बठा म्हणजे बसा. वावर म्हणजे शेत, वावधन म्हणजे वादळ. मग तुमची लाडकी जोडी आलीच! आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी. "सर म्हणायचे, दोघांचं मूळ 'अंड'. जीव तोच, फरक एका कान्याचा." लोकांनी माना डोलावल्या. मी मागे बायकांत बसून ऐकत होते.

किती मिरवायचे मी ती जोडी, नाना! सायकलवर पुढे बसवून तुम्ही मला बाजारात न्यायचात. कोणी विचारलं, "मास्तर, एकच पोर का?" की तुम्ही ठसक्यात सांगायचात, "मनी आंडेरच मना आंडोर शे!" माझी मुलगीच माझा मुलगा, हे मला खरंच वाटायचं.

आई गेल्यावर तुम्ही माझ्याकडे जळगावला आलात. तुमचं पथ्याचं वरण, गोळ्या, अंथरूण, सगळं मीच बघितलं. सोनगीरचा प्रवीण, तुमचा पुतण्या, दिवाळीला फोन करायचा. आणि दवाखान्यात शेवटी तुम्ही काय म्हणालात?

"मडकं प्रवीण धरी. त्याले बलाई ले."

"आणि मी, नाना?"

"लोके काय म्हनतीन, माय?"

तुम्ही हे म्हणावं? जो शब्द दिसेल त्याचं मूळ खणून काढणारे तुम्ही! बापाच्या तिरडीपुढे मडकं मुलानेच धरायचं, याचं मूळ एकदाही खणावंसं वाटलं नाही?

प्रवीणवर माझा राग नाही. स्मशानात निघताना त्यानेच विचारलं, "अक्का, तू येस का?" मी उठलेही होते. पण बायकांनी खांदे धरून खाली बसवलं, "नानांचीच इच्छा होती ना!" तुमची तिरडी वळणाआड गेली आणि मी ओट्यावर बसून राहिले. फार अपमान वाटला, नाना. अजून वाटतो.

म्हणून काल पंगत उठायच्या आधी मी लेकीला जवळ घेतलं आणि भर मांडवात म्हणाले, "बठ्ठा ऐकी ल्या. मनं मडकं मनी आंडेर धरी." प्रवीणने तेवढी मान हलवली.

तुमचे शब्द मी तिला शिकवीन, मुळासकट. हे वचन देते. पण माझी वेळ जवळ येईल तेव्हा 'लोके काय म्हनतीन' हे माझ्या तोंडून तिला ऐकावं लागणार नाही.

तुमची,
आंडोर कधीच नसलेली,
आंडेर सुनंदा