पेरणीसाठी रजा

२ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ७.१०
बातमी पक्की. 'हिरवं खोरं' वीस तारखेला येतंय. नव्या कन्सोलवर, नव्या चित्रांसह, आणि या वेळी दोघांना मिळून एकच शेत कसता येणार. अकरा वर्षं या दिवसाची वाट पाहिली. बायको म्हणते, अकरा वर्षांत या गेमचं नाव तुझ्या तोंडून एकदाही ऐकलं नाही. काही गोष्टी माणूस मनात ठेवतो, हे तिला कळायचं नाही.

ठकीला सांगितलं. ठकी म्हणजे माझी मुलगी. वय अठरा, उंची माझ्याहून दोन बोटं जास्त. मोबाइलमधून मान न काढता "अरे वा" म्हणाली. आनंद आतल्या आत ठेवायची सवय तिला माझ्याकडूनच लागली असणार.

चोवीसला ती हॉस्टेलवर जाणार, चार वर्षांसाठी. वीसला गेम, चोवीसला ठकी. मधे शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार. नशीब माझ्यावर इतकं मेहेरबान आजवर झालेलं नाही. चार दिवसांत एक अख्खा हंगाम सहज निघतो.

३ ऑगस्ट
संकल्प. रोज सहाला उठणार. गेममध्ये दिवस सहालाच उजाडतो, तेव्हा सवय आत्तापासून हवी. गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी मी घालणार. उगाच चिडचिड करणार नाही. शेतीला शांत डोकं लागतं.

४ ऑगस्ट. सकाळी ८.४०
आत्ता उठलो. पण झोप पुरी झाली नाही की शेतकऱ्याचा दम लवकर संपतो, गेममध्येसुद्धा. म्हणजे हे नियमाला धरूनच झालं. कुंड्यांना पाणी घातलं.

संध्याकाळ. परत घातलं.

ऑफिसात कटकट. आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते. लिफ्ट अडकली की आतली माणसं मला फोन करतात आणि मेकॅनिक पोचेपर्यंत मी त्यांना धीर देतो. आज एक बाई तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे. मी म्हटलं, मॅडम, वाट पाहणं हीसुद्धा एक कला आहे. त्या जे म्हणाल्या ते इथे लिहीत नाही. त्यांच्याशी बोलता बोलता गेमचं पान पुन्हापुन्हा उघडून पाहिलं. तारीख तीच आहे.

५ ऑगस्ट
रजेचा अर्ज दिला. शुक्रवार, शनिवार, सोमवार. कारण काय लिहायचं? सेहेचाळिसाव्या वर्षी 'गेम खेळायचा आहे' असं लिहिणं बरं दिसत नाही. 'शेतीचं काम, पेरणी' असं लिहिलं. खोटं त्यात काहीच नाही.

साहेबांचे डोळे चमकले. म्हणाले, तुमची शेती आहे हे इतकी वर्षं बोलला नाहीत? मी नम्रपणे म्हटलं, लहानशीच आहे. काय पेरताय? म्हटलं, कोबी. साहेब स्वतः शेतकऱ्याचा मुलगा निघाले. जागच्या जागी सही. मग अर्धा तास कोबीवरच्या अळीबद्दल बोलले. मी मान हलवत राहिलो. अळी या गेममध्ये नाही.

घरी बायकोने विचारलं, चोवीस-पंचवीसची रजा टाकलीस ना, ठकीला सोडायला? मी तिला नीट समजावलं. तिचा भाऊ गाडी घेऊन जाणारच आहे. गाडीत बॅगा, गादी, बादली. माझ्यासाठी जागा कुठे? आणि खरा निरोप शेतावरच होईल. हे शेवटचं मनात म्हटलं. ती काही बोलली नाही. मौनं सम्मतिलक्षणम्.

८ ऑगस्ट, रविवार
मेहुण्याकडून कन्सोल उसना आणला. आपल्याकडे तो नाही हे काल रात्रीच लक्षात आलं. मेहुण्याच्या मुलांचे डोळे भरून आले होते. त्यांना म्हटलं, रडू नका, मैदानावर जाऊन खेळा. लहान मुलांनी स्क्रीनसमोर फार बसू नये.

ठकी सात वर्षांची असताना तिला कावीळ झाली होती. शाळा बंद, बाहेर जाणं बंद, औषध पाहिलं की ओठ घट्ट मिटायची. तेव्हा मी जुना कन्सोल आणि हा गेम आणला. आधी वाफ्यांना पाणी, मग औषध, असा आमचा करार होता. मी ऑफिसातून आलो की बूट काढायच्या आत हातात कंट्रोलर द्यायची आणि म्हणायची, बाबा लवकर, गाय उपाशी आहे. इतक्या ओढीने माझी वाट आयुष्यात दुसऱ्या कोणीही पाहिलेली नाही. लिफ्टमधल्या लोकांनीही नाही, आणि त्यांना तर गरज असते. हे मला बोलून दाखवता येत नाही. म्हणून लिहून ठेवलं.

११ ऑगस्ट
ठकीचं लक्ष नाही. सारखी फोनवर, मैत्रिणी, हसणं. उपाय सापडला. गेममध्ये गावकऱ्यांशी नातं वाढवायचं तर रोज भेटवस्तू द्यायची, की त्यांच्या डोक्यावर छोटं हृदय उमटतं. आजपासून ठकीला रोज एक चॉकलेट.

१४ ऑगस्ट
चौथं चॉकलेट. हृदय नाही. ती म्हणाली, बाबा, मी सहा महिन्यांपासून गोड सोडलंय. बायकोला हे माहीत होतं. गेममध्ये कोणाला काय आवडतं याची यादी एक बटण दाबलं की दिसते. घरात तशी काही सोय नाही, त्याला मी काय करणार? चॉकलेटं मी खाल्ली.

१५ ऑगस्ट
निवडुंग गेला. मुळापासून कुजला. बायको म्हणाली, निवडुंगाला पाणी घालून मारायला अंगात वेगळंच कर्तृत्व लागतं. कुंड्यांचं खातं तिच्याकडे परत दिलं. माझा सराव तसाही पुरेसा झालाय.

सहाला उठण्याचा संकल्प रविवार सोडून चालू आहे. अजून फळला नाही इतकंच.

१८ ऑगस्ट. दुपारी १.१५
घात झाला. गेम पुढे ढकलला. तेरा सप्टेंबर. 'आपल्याला अधिक चांगला अनुभव देण्यासाठी.' मला चांगला अनुभव नको होता, वीस तारीख हवी होती.

रात्र. ऑफिस सुटल्यावर थेट गेमच्या दुकानात गेलो आणि दुकानदाराला चार शब्द सुनावले. तो म्हणाला, काका, पिकाला वेळ लागतोच. काका म्हणाला. तोही चाळिशीचा असेल.

घरी आलो. ठकी कपड्यांच्या घड्या घालत होती. तिला बातमी सांगितली. "अरेरे," म्हणाली, आणि माझा हिरवा स्वेटर नेऊ का विचारलं. धक्का इतका मोठा असला की माणूस भलतंच काहीतरी बोलतो. म्हटलं, ने.

१९ ऑगस्ट
डोकं शांत ठेवून नवा बेत केला. रजा शुक्रवारऐवजी चोवीस-पंचवीसला घ्यायची आणि ठकीला सोडायला जायचं. उलट हेच जास्त चांगलं. गाडीत होईल जागा, गादी मांडीवर घेईन.

साहेबांकडे गेलो. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "पेरणी कोणासाठी थांबत नाही. मी शेतकऱ्याचा मुलगा आहे, मला सांगू नका. उद्या तुम्ही ऑफिसात दिसायचं नाही." चोवीस-पंचवीसची रजा माझ्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाने सासऱ्यांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी घेतलेली आहे, आणि फोनवर एक तरी माणूस पाहिजेच. मी म्हटलं, साहेब, मुलीला सोडायला जायचंय. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, जमिनीपेक्षा मोठं काही नसतं.

जाताना कोबीचं बी दिलं, पुडीत बांधून. पहिला गड्डा त्यांना हवाय.

२० ऑगस्ट, शुक्रवार. सकाळी १०
रजा. घरात मी, बायको कामावर. पाऊण तास झाला, सोफ्यावर बसलोय. ठरवलंय की निराश व्हायचं नाही. हे चार दिवस फक्त ठकीसाठी.

१०.०५. ठकी मैत्रिणींबरोबर बाहेर गेली आहे.

दुपार. गेमचा ट्रेलर पाहिला. गाय अधिक गुबगुबीत केली आहे.

संध्याकाळ. पुन्हा पाहिला. गाय इतकी गुबगुबीत नको होती.

२१ ऑगस्ट
सकाळी ठकी स्वतःहून आली. म्हणाली, बाबा, गादी आणि बादली आणायला येतोस? मी आनंदाने हो म्हटलं. फक्त अकरा वाजता गेमचे कर्ते उशिराबद्दल इंटरनेटवर थेट बोलणार होते, ते संपलं की लगेच निघू. अर्ध्या तासाचा प्रश्न.

ते एकपर्यंत चाललं. पाण्याच्या लाटांवर फार बोलले. बाहेर आलो तर ठकी आणि बायको गादी घेऊन परत आल्या होत्या. निळी गादी. मी दाबून पाहिली. चांगली आहे. तसं सांगितलंही.

२३ ऑगस्ट, सोमवार. संध्याकाळ
ठकीला सहज सुचवलं, कॉलेजला विचारून बघ, तेरा तारखेनंतर हजर झालं तर चालेल का. ती हसली. मग माझ्याकडे पाहून हसायची थांबली. बॅग अर्धी भरलेली तशीच टाकून माझ्याजवळ येऊन बसली.

म्हणाली, "बाबा, मला त्या गेममधलं फारसं काही आठवत नाही रे. कावीळ आठवते. आणि तू रोज लवकर घरी यायचास, ते आठवतं."

बिचारी. एवढा चांगला गेम आणि सगळा विसरली. मग मी तिला सुरुवातीपासून सांगितलं. झारी कुठे मिळते, विहीर कधी उघडते, गाईला हाक कशी मारायची. तासभर सांगत होतो. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून तिने डोळे मिटून ऐकलं. जेवायला हाक आली तरी मी थांबलो नाही, कोंबड्यांचं राहिलं होतं.

२४ ऑगस्ट
आमच्या इमारतीची लिफ्ट आज सकाळीच बंद. आमच्याच कंपनीची. गादी डोक्यावर घेऊन चार मजले मी उतरलो. मेहुणा म्हणाला, भाऊजी, जपून. ठकी हिरवा स्वेटर घालून गाडीत बसली, एवढ्या उकाड्यात. मी खिडकीतून वाकून सांगितलं की तेराला दोघांनी एकाच वेळी सुरू करायचं. ती "हो बाबा" म्हणाली आणि माझी कॉलर सरळ केली. मग ऑफिसला गेलो, उशीर झाला होता.

पहिलाच फोन एका म्हाताऱ्या गृहस्थांचा, सहाव्या मजल्याजवळ अडकलेले. त्यांना म्हटलं, घाबरू नका, मी आहे लाइनवर. मुलं कुठे असतात विचारलं. बरंच बोललो. शेवटी ते म्हणाले, अहो, मी केव्हाच बाहेर आलोय, आता घरी पोचून चहासुद्धा झाला माझा, फोन ठेवू का?

साहेबांनी विचारलं, झाली पेरणी? हो म्हटलं.

१ सप्टेंबर
मेहुणा कन्सोल घेऊन गेला. चार दिवस म्हणून नेला होता असं त्याच्या मुलांचं म्हणणं. नवा घेतला. बायकोला अजून खोका दिसलेला नाही.

ठकीचा फोन रोज येतो. बायकोला. मी मागून विचारतो, तारीख लक्षात आहे ना म्हणावं. बायको ते विचारत नाही, जेवलीस का हेच विचारते.

७ सप्टेंबर
घर फार शांत आहे. पूर्वी ठकी मोठ्याने गाणी लावायची तेव्हा मी ओरडायचो. आज मीच लावली, तिची. बरी नाहीत. शेवटपर्यंत ऐकली.

१३ सप्टेंबर, सोमवार. संध्याकाळी ७
आला. बूट न काढताच टीव्हीसमोर बसलो. तेच संगीत, तोच डोंगर. मी काहीही पेरलं नाही, आधी ठकीला फोन केला. म्हटलं, ये, तुझ्यासाठी थांबलोय.

तिने दुपारीच सुरू केलंय. खोलीतल्या मैत्रिणीकडे कन्सोल आहे. दोघींचं शेत एक, आणि एका शेतावर दोघांनाच जागा. मी म्हटलं, हरकत नाही, हरकत कसली त्यात. ती म्हणाली, पाहुणा म्हणून ये ना बाबा, पाहुण्यांना येता येतं.

गेलो. पाहुण्याला फाटकातून आत येता येतं, हिंडता येतं. नांगरता येत नाही, पेरता येत नाही, गाईला चारा घालता येत नाही. मी झारीवर हात मारून पाहिला, उचलली जात नाही. शेत मात्र बघण्यासारखं आहे. सरळ वाफे, एक वीत इकडेतिकडे नाही. विसरले विसरले म्हणत होती आणि सगळं येतं तिला. पिवळी टोपी घातलेली तिची मैत्रीण विहिरीजवळ उभी होती. फोनच्या पलीकडे दोघी आपापसात कशालातरी हसत होत्या, मला कळलं नाही. मीही हसलो. कुंपणाशी उभा राहून ठकी पाणी घालताना पाहत राहिलो. मग सूर्य मावळला आणि गेमने मला स्वतःच फाटकाबाहेर आणून सोडलं. पाहुण्याला रात्री थांबता येत नाही, असा नियम आहे.

म्हटलं, मग उद्या याच वेळेला येतो. ती मग मऊ आवाजात म्हणाली, "बाबा, रविवारी ये ना. रोज नको."

बरोबरच आहे तिचं. अभ्यास असतो, मैत्रिणी असतात. बायकोला मी तसंच सांगितलं. ती माझ्याशेजारी सोफ्यावर येऊन बसली.

रविवार म्हणजे काही फार लांब नाही. आज सोमवार आहे.