अडसरातली वाळू

९ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. तुझ्या वहिनीने वरची खोली झाडूनपुसून ठेवली आहे, पलंगही लावला. आई सांगत होती, तू आता उठून बसतेस. जबड्याची तार अजून पंधरा दिवस आहे म्हणे. म्हणजे पंधरा दिवस तू कुणाला उलट उत्तर देणार नाहीस, जन्मात पहिल्यांदाच. हसू नकोस, दुखेल.

तुझ्या नवऱ्याला मी काय केलं ते तुझ्या कानावर आलंच आहे. कामावरून सुटला तेव्हा फाटकातच धरला. आधी कानशिलात दिली, पडल्यावर लाथा घातल्या. बरगडी मोडल्याचा आवाज आला तरी थांबलो नाही. चौघांनी मला मागे ओढलं. आता रस्त्याने जाताना लोक पाठीवर थाप मारतात. ‘भाऊ असावा तर असा!’ तूही आईबरोबर चिठ्ठी पाठवलीस, ‘दादा, तू आहेस म्हणून मी आहे.’ ती मी तुझ्या वहिनीलाही दाखवली नाही.

चिठ्ठीच्या खाली तू आणखी एक ओळ लिहिली आहेस. तो आत घुसला, केस धरून तुझं तोंड ओट्यावर आपटलं, आणि तू पडलीस तेव्हा गालाखाली वाळू टोचत होती. दारात वाळू कुठून आली, असं विचारतेस.

तेवढंच सांगायला बसलोय. इकडचं तिकडचं लिहिलेली दोन पानं फाडून झाली.

दाराला आतून लावायचा अडसर मागताना तू म्हणाली होतीस, ‘दादा, रेडा धडकला तरी तुटता कामा नये.’ रेडा कोण ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं. वीस मिलिमीटरची भरीव सळई मी बाजूला काढूनही ठेवली. दुसऱ्या दिवशी तुझा नवरा माझ्या वेल्डिंगच्या दुकानात आला आणि स्टुलावर बसून रडला. म्हणाला, ‘दादा, रागात हात उठतो माझा, पण घर माझंही आहे ना? ती मला कायमचं बाहेर ठेवणार का?’ आणि मला ते पटलं. भिंगरे, मला पटलं! वाटलं, नवरा-बायकोची भांडणं आहेत, त्याचा राग निवेपर्यंत अडसर टिकला की पुरे. पुढे त्याने नेट लावला तर सुटावा. संसार मोडायला नको.

जिना असो की माळा, वजन किती पेलायचं ते आधी ठरवा आणि मग मालाची जाडी, असं मी गिऱ्हाइकांना घसा फोडून सांगतो. तुझ्यासाठी मात्र एक मिलिमीटर जाडीचा पोकळ पाइप कापला. हलका लागला तर तुला संशय येईल म्हणून आत वाळू ठासली आणि दोन्ही तोंडं पत्र्याने बंद केली. कोयंड्यांना पूर्ण वेल्डिंग न करता चार-चार टाके मारले, वरून ग्राइंडर फिरवला, काळा रंग दिला. तू तो उचलून म्हणालीस, ‘बाई गं, केवढा जड!’ मी हसलो.

शेजारीण सांगते, त्याने तीन लाथा घातल्या. पहिल्या लाथेला तू आतून ओरडलीस, ‘पाय मोडेल तुझा, माझ्या दादाने बनवलाय तो!’ मागचं दार उघडं होतं. तू पळाली असतीस. माझ्या कामावर भरवसा ठेवून तिथेच उभी राहिलीस.

फाटकात मी त्याला तुडवत होतो तेव्हा निम्म्या लाथा माझ्या वाट्याच्या होत्या. हे लोकांना कसं सांगू? पोलीस चौकीत मात्र सांगितलं. वाकलेला, तोंडाचा पत्रा निघून वाळू सांडलेला पाइप काल तिथे जमा केला, कुणी बनवला, कसा बनवला, का बनवला, सगळं लिहून सही केली.

तू इथे राहायला येणार आहेस. ‘दादाच्या घरी मला भीती नाही,’ म्हणतेस. हे वाचून मग ठरव. नाही आलीस तर मी आईलाही कारण विचारणार नाही.

आलीस, तर खोलीच्या दाराला आतून अडसर लागेल. तो माझ्याकडून करून घेऊ नकोस. चौकापलीकडे एक म्हातारा वेल्डर आहे. माझ्याशी बोलत नाही, पण काम चोख. तो बसवून गेला की दार आतून लाव, मला बाहेर उभं कर आणि लाथा मारायला सांग. मी जीव खाऊन मारीन. टिकला, तरच त्या खोलीत झोप.

तू ज्याच्यावर विसंबलीस तो,
दादा