बाकी मजकूर बरोबर

प्रिय आई,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. लाल पेन मात्र आधी खाली ठेव.

काल तुझ्या नातीने माझ्या उशीवर चिठ्ठी ठेवली. ती खरंच मैत्रिणीकडे गेली आहे ना, हे विचारायला मी तिथे फोन केला होता, त्याचा राग. चिठ्ठीत एकच ओळ: 'तू जगातली सर्वात वाईट आई आहेस.' आणि विश्वास ठेव, माझा हात आधी पेनाकडे गेला. 'सर्वात'चं मी 'सर्वांत' केलं! मग हसत सुटले. खाण तशी माती.

आठवतं ना? मी चौदाची होते. तू शाळेत आलीस आणि साऱ्या वर्गासमोर बाईंच्या फळ्यावरच्या चुका खडूने दुरुस्त केल्यास. मी शरमेने मेले. घरी येऊन हेच वाक्य, हाच अनुस्वार विसरून, तुझ्या प्रुफांच्या गठ्ठ्यात खुपसलं. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी परत आली. लाल टिंब, आणि खाली तुझी छापखान्यातली नेहमीची ओळ: 'बाकी मजकूर बरोबर.'

मला वाटलं, तू माझी खिल्ली उडवलीस. या बाईला काळीजच नाही, असं मैत्रिणींना सांगत फिरले. काल मीही फक्त अनुस्वार दिला, 'वाईट' खोडायला धजले नाही, तेव्हा कुठे कळलं. तू थट्टा केलीच नव्हतीस. तू ते खरं मानलं होतंस, आणि मी इतकी वर्षं ते तसंच राहू दिलं.

दुरुस्त केलेली चिठ्ठी मी लेकीच्या दाराखालून आत सरकवली. आज सकाळी ती माझ्या कपाखाली सापडली. 'तू'च्या पुढे हंसपद, शब्द घुसवायची ती खूण, तूच तिला सुट्टीत शिकवलेली. त्यावर लिहिलंय, 'कधी कधी'. शिवाय 'आहेस'चं 'असतेस' केलंय. माझा जीव भांड्यात पडला. तुला मी एवढंसुद्धा दिलं नव्हतं गं.

म्हणून हे पत्र. माझी ती जुनी चिठ्ठी सोबत जोडली आहे. रागाने का होईना, जपली होती. त्यातलं 'वाईट' मी खोडलंय. 'तू जगातली सर्वांत आई आहेस' हे व्याकरणात बसत नाही, ठाऊक आहे मला. पण बाकी मजकूर बरोबर आहे. दुरुस्त करू नकोस.

तुझीच, तेव्हा अनुस्वार विसरलेली,
भुंगी